एकही अळी न मारता

“आयुष्यभर दुसऱ्यांच्या चुका शोधल्या, पण पान उलटं करून बघायला मला कुणी शिकवलं नव्हतं,” असं विवेक एकदा म्हणाला होता. तेव्हा त्याच्या हातात पान नव्हतंच. मोबाइल होता आणि त्यात एका पानाचा फोटो. पानाच्या पाठीवर मोहरीहून बारीक, फिकट हिरवे ठिपके बसले होते. तो फोटो त्याने दोन बोटांनी इतका मोठा केला की शेवटी पान उरलं नाही, ठिपकेही उरले नाहीत, नुसता हिरवा धुरळा राहिला.

चुका शोधणं हे त्याचं काम होतं. द हेगमधल्या एका पेन्शन कंपनीत तो सॉफ्टवेअर टेस्टर होता. दुसऱ्यांनी बांधलेल्या घरावर वारा होऊन आदळायचं, कुठली खिडकी करकरते ते लिहून ठेवायचं आणि संध्याकाळी सायकलने रायस्वाइकला घरी यायचं. घरी आल्यावरही सवय सुटत नसे. गॅसचं बटण तो बंद करायचा, मग बंद आहे का ते बघायचा, मग आपण बघितलं का ते आठवायचा. त्याची बायको यामिनी म्हणायची, “तुला निर्वाण मिळालं तरी तू परत येशील, दार लागलं का ते बघायला.”

दोघं नागपूरचे, कॉलेजपासूनचे ओळखीचे, त्यामुळे लग्नानंतरही अरे-तुरेच राहिलं. विवेकचे आजोबा दुसऱ्याच्या शेतावर राबायचे. छप्पन्न साली ते दीक्षा घेऊन परतले आणि पुन्हा त्या शेतात गेले नाहीत. शहरात येऊन गिरणीत लागले. आपल्या घरातला हात आता मातीत जाणार नाही, पुस्तकात जाईल, असं त्यांनी ठरवलं, आणि पुढे दोन पिढ्या ते कुणी मोडलं नाही. विवेकच्या वडिलांनी तर घर बांधल्यावर अंगणात सदाफुलीसुद्धा लावली नाही, सिमेंट ओतलं. त्या सिमेंटवर बसून विवेकने बारावीचा अभ्यास केला. पन्नाशी ओलांडली तरी बी कुठल्या अंगाने पेरायचं असतं, की कसंही पेरलं तरी चालतं, हे त्याला ठाऊक नव्हतं, आणि ठाऊक नसण्यात त्याला कमीपणाही वाटत नव्हता.

रायस्वाइकच्या घरामागे मात्र बाग होती. घर भाड्याचं, बाग त्याच्याबरोबर आलेली. लांबट, दोन्ही बाजूंनी लाकडी कुंपण, टोकाला एक शेड. दहा वर्षं त्या बागेत त्यांच्या सायकली आणि कपडे वाळत घालायचा स्टँड एवढंच होतं.

यामिनी लायडनला एका संशोधन संस्थेत आकडेवारीचं काम करायची. आजारी माणसांच्या आकडेवारीचं. कुठलं औषध घेतलेले किती जण किती काळ टिकले, याच्या उतरत जाणाऱ्या रेषा काढणं तिला डोळे मिटूनही जमलं असतं. स्तनातली गाठ सापडली तेव्हा ती हाडांपर्यंत पोहोचलेली होती. डॉक्टर चाचरत बोलत होते आणि यामिनी मान हलवत होती, कारण ती रेषा तिला त्यांच्या आधी दिसली होती. घरी येताना ट्राममध्ये ती एवढंच म्हणाली, “दीपाची परीक्षा होऊ दे, मग सांगू.” दीपा म्हणजे धम्मदीपा, त्यांची एकुलती मुलगी, डेल्फ्टला शिकायला होती.

उपचार सुरू झाल्यावर यामिनीचं खाणं संपलं. कुकरची शिटी झाली तरी तिला उलटी येई. झोप गेली. हाडं ठणकायची, आणि ठणक्यावरच्या गोळ्यांनी पोट दगडासारखं व्हायचं. डॉक्टरांनी फार्मसीतलं गांजाचं तेल लिहून दिलं. ते घेतलं की तिचं हृदय धडधडायचं आणि ती भिंतीला धरून बसायची. “माझं डोकं कुणाच्या तरी धडावर बसवल्यासारखं वाटते,” ती म्हणाली. इथे गांजा उघड विकणाऱ्या दुकानातून आणलेल्या मालाने तेच केलं, वर डॉक्टर म्हणाले की तिची प्रतिकारशक्ती अशी असताना फवारे मारलेलं, बुरशी लागलेलं काहीही पोटात जाता कामा नये.

मग शेजारचा टेओ आला. टेओचं आयुष्य काचघरांत टोमॅटो पिकवण्यात गेलेलं. बायको वारल्यापासून तो कुंपणावर हात टेकून उभा राहायचा आणि कुणी बाहेर आलं की हवेबद्दल बोलायचा. यामिनी त्याला बूरमन म्हणायची, शेजाऱ्याला इथे म्हणतात तसं. एकदा त्याने कुंपणावरून वर्तमानपत्रात गुंडाळलेला वाळका पाला दिला. त्याच्या बागेतलाच, गांजाच्या फार जुन्या, मवाळ जातीचा. बायकोच्या शेवटच्या दिवसांत तो तिला तो लोण्यात उकळून द्यायचा. विवेकने लोण्याऐवजी तूप घेतलं. मंद आचेवर पाला त्यात राहू दिला, गाळलं आणि कोमट दुधात चमचाभर घालून यामिनीला दिलं. ती सलग झोपली. उठल्यावर तिने वरणभात मागितला.

तो वरणभात विवेकने तिखट करून ठेवला, मीठ दोनदा पडलं, आणि तिने तो सगळा खाल्ला. त्यानंतर विवेकच्या आयुष्यात एकच गोष्ट उरली: तिला पुन्हा वरणभात मागावासा वाटला पाहिजे.

अडचण निघाली ती पाचव्या शीलाची. दोघंही रोज संध्याकाळी त्रिसरण आणि पंचशील म्हणत, त्यात पाचवं नशेच्या पदार्थांपासून दूर राहण्याचं. यामिनीचे वडील वस्तीत दारूबंदीचं काम करायचे, गुत्त्यावर बायकांना घेऊन जायचे. गांजा म्हणजे पुलाखाली डोळे लाल करून बसलेली पोरं, एवढंच तिने बघितलेलं. विवेक त्याला ‘झाड’ म्हणायचा, दीपा ‘प्लांट्स’ म्हणायची.

“गांजा म्हण की,” यामिनी म्हणाली. “नाव बदलल्याने शील राहते की काय? मी नशेसाठी घेऊन नाही राहिली, भूक लागावी म्हणून घेते. भिक्खूंनाही औषधाची मुभा होती. हे मला पटलं आहे. ज्या दिवशी मजा येईल त्या दिवशी बंद करीन.”

“आणि मजा आली तर कळेल का तुला?” विवेकने विचारलं.

“तुझ्याशी लग्न झाल्यापासून सवय गेली आहे, चटकन कळेल.”

मार्च आला आणि करोनाने सगळं बंद झालं. विवेक स्वयंपाकघरातल्या टेबलावरून काम करू लागला, दीपा डेल्फ्टची खोली सोडून घरी आली. टेओला खोकला लागला, मग रुग्णवाहिका आली. अंतराळवीरांसारखे कपडे घातलेल्या दोघांनी त्याला बाहेर आणलं. जाताना त्याने हात वर केला, तो कुणासाठी ते कळलं नाही. एप्रिलमध्ये तो गेला. अंत्यसंस्काराला मोजक्याच माणसांना परवानगी होती. गाडी गल्लीतून सावकाश नेली, आणि शेजारी आपापल्या खिडकीत उभे राहिले. खिडकीत उभं राहून द्यायचा निरोप कसा असतो ते कुणालाच माहीत नव्हतं. कुणी टाळ्या वाजवल्या. यामिनीने हात जोडले.

टेओची मुलगी घर रिकामं करायला आली तेव्हा तिने कुंपणापलीकडून एक ट्रे पुढे केला. खिडकीत ठेवलेली कलमं होती, बोटभर उंचीची. “पाच आहेत,” ती म्हणाली. “वडील म्हणायचे, पाचपर्यंत पोलीस डोळेझाक करतात. तुमच्या बायकोसाठी ठेवली होती.” मग मास्क सारखा करून ती आत गेली.

पोलिसांनी डोळेझाक केली तरी भाडेकराराचं काय, हे विवेकने त्याच संध्याकाळी वाचून काढलं. लावता येत नाहीत, असंच त्यात होतं. उघडकीस आलं तर घर जाईल, आणि आजारी बायकोला घेऊन तो कुठे जाईल, हे त्याने एका ओळीपर्यंत विचारात घेतलं आणि पुढची ओळ सोडून दिली. कुंपणाला आतून बांबूच्या चटया लावल्या, पुढे टोमॅटोची रोपं उभी केली आणि मे महिन्यात, थंडी सरल्यावर, पाच खड्डे खणले. घराण्यातल्या हाताने साठ-पासष्ट वर्षांनी माती उकरली. यामिनी खुर्चीत बसून बघत होती. तिने विचारलं, “आजोबांना काय सांगशील?”

“सांगीन, माती पुस्तकात शिरली.”

“नीट खण. पुस्तकात नाही, नखात शिरली आहे.”

त्याच दिवशी तिने ती अट घातली. चिडून नाही की हट्टाने नाही, कपडे वाळत घालताना चिमटे मागावेत तशी. “विवेक, माझ्यासाठी काही मारायचं नाही. किडा नाही, मुंगी नाही. रोज पहिलं शील म्हणते मी.”

“किडे लागणार, यामिनी.”

“लागू दे. उचलून बाजूला ठेव. माझ्या अंगात दर खेपेला काहीतरी मारायला विष सोडतात. ते मी सही करून सोडू देते. तेवढं पुरे आहे. मी पुण्यबिण्य मानत नाही, तुला माहीत आहे. पण जे म्हणते ते पाळायचं नसेल तर म्हणू नये.” मग थोडं थांबून म्हणाली, “जे काही मारून वाढलं असेल, ते माझ्या घशाखाली उतरणार नाही. सांगून ठेवते.”

विवेकने हो म्हटलं. त्याला वाटलं, सोपं आहे.

पहिल्या आल्या गोगलगायी, पाठीवर शंख नसलेल्या, तपकिरी, ओल्या चपलेच्या तळासारख्या. पाऊस पडून गेला आणि सकाळी पाचपैकी एका रोपाची जागा रिकामी होती. देठसुद्धा नव्हता. मातीवर चकचकीत वाट तेवढी उमटली होती, कुणीतरी सही करून गेल्यासारखी. त्या दिवसापासून विवेक सकाळी ऑफिसची पहिली मीटिंग सुरू व्हायच्या आधी चिमटा आणि दह्याचा रिकामा डबा घेऊन बागेत बसू लागला. दुसरे लोक बिअरची वाटी पुरून ठेवतात, गोगलगायी त्यात बुडून मरतात. तो त्यांना डब्यात घालायचा, वर दोन लेट्यूसची पानं टाकायचा आणि सायकलने कालव्याच्या काठी नेऊन सोडायचा.

एकदा तिथे महापालिकेच्या गणवेशातल्या एका माणसाने त्याला थांबवलं. गर्दी होते का ते बघत फिरणारा होता. डब्यात काय आहे असं विचारलं. विवेकने झाकण उघडलं. तो माणूस बराच वेळ आत बघत राहिला.

“खाता का तुम्ही?” त्याने विचारलं.

“नाही. सोडायला आणल्यात.”

“बरं,” तो म्हणाला. “पण एकमेकांपासून दीड मीटर ठेवा.” मग तो हसला नाही, तेव्हा विवेकच हसला.

घरी ही गोष्ट सांगितल्यावर यामिनी खूप हसली, मग खोकली, मग दुखऱ्या बरगडीवर हात ठेवून म्हणाली, “त्या परत येत असतील. तू ज्या वाटेने नेतोस ती वाट त्यांना पाठ झाली असेल.” उद्या यांच्या शेपटीला धागा बांधून बघ, असंही म्हणाली. गोगलगाईला शेपूट असतं का यावर बापलेकीचा वाद झाला. तो त्या उन्हाळ्यातला चांगला दिवस म्हणायचा.

जूनमध्ये मावा आला, तो फोटोतला. विवेकने पान उलटं करायला सुरुवात केली ती तेव्हापासून. साबणाच्या पाण्याने मावा मरतो, म्हणून साबण नको. तो साध्या पाण्याच्या धारेने प्रत्येक पानाची पाठ धुवायचा आणि मावा दुसऱ्या दिवशी परत बसायचा. दीपाने इंटरनेटवर शोधून काढलं की ठिपकेवाल्या लाल किड्यांच्या अळ्या विकत मिळतात, त्या मावा खाऊन टाकतात.

“हे तर नॅचरल आहे, आई,” ती म्हणाली. “आपण काहीच करत नाही. ते खातात.”

“विकत कोण आणणार?”

“आपण.”

“मग याला सुपारी देणं म्हणतात. आपल्या आपण आले तर येऊ दे. त्यांचं ते बघतील.”

“आई, सीरियसली,” दीपा म्हणाली, आणि पुढचं डचमध्ये पुटपुटली. घरात कुणी डचमध्ये बोललं की ते आपल्यासाठी नाही, असं यामिनीने फार पूर्वीच ठरवलं होतं. ते किडे काही दिवसांनी आपणहून आले. उशिराच, पण आले. यामिनीला विलक्षण आनंद झाला. जणू कुणीतरी तिच्या बाजूने साक्ष दिली होती.

दर काही आठवड्यांनी हॉस्पिटल असायचं. सोबत आत जायची परवानगी नव्हती. विवेक तिला दारापर्यंत सोडायचा आणि पार्किंगमध्ये गाडीत बसून राहायचा. इतरही गाड्यांमध्ये एकेक माणूस बसलेला असे. कुणी कुणाकडे बघत नसे. काचेआड एक बाई दर वेळी मोजे विणायची. विवेक मोबाइलवर झाडांच्या रोगांचे फोटो बघायचा, आणि दोन-तीन तासांनी यामिनी दारातून बाहेर येताना दिसली की आधी तिच्या चालण्याकडे बघायचा. पाऊल कसं पडतंय, हात कुठे आहे, मान कुठे झुकली आहे. पान उलटं करून बघण्यासारखंच ते. फक्त इथे धुवायला पाणी नव्हतं आणि उचलून बाजूला ठेवायला चिमटाही नव्हता.

टेओने दिलेल्या पाल्याचं तूप पुरवून पुरवून वापरलं तरी ऑगस्टच्या शेवटी संपलं. त्यानंतर यामिनी पेजेवर आली. पेजही अर्धीच. मनगटातली बांगडी कोपरापर्यंत सरकू लागली तेव्हा तिने ती काढून दीपाला दिली. बागेत मात्र चार झाडं पुरुषभर उंच झाली होती. त्यांना पांढरट तुरे धरले होते, आणि जवळ गेलं की लिंबाच्या सालीसारखा, जळक्या रबरासारखा, आणखी कशाचा तरी असा वास यायचा. विवेक त्या वासाला घाबरायचा आणि त्याच्याजवळ जाऊनही बसायचा. “आणखी महिनाभर,” तो यामिनीला सांगायचा. ती म्हणायची, “मी कुठे घाईत आहे?” हे वाक्य दोघांनाही ऐकू आलं, आणि दोघंही दुसऱ्या कशाबद्दल तरी बोलू लागले.

सप्टेंबरच्या मध्यात त्याला एका तुऱ्यात एकच वाळकं पान दिसलं. ओढलं तर ते सहज निघून हातात आलं. देठाशी राखाडी भुकटी होती. त्याने तुरा उकलला. आत सगळं कुजलेलं, कापसासारख्या बुरशीने भरलेलं, आणि मधोमध एक हिरवी अळी, स्वतःच्या काळ्या विष्ठेत आरामात पसरलेली. पतंगाने कधीतरी अंडी घातली होती. अळ्या तुऱ्यात शिरून आतून खात होत्या, आणि जिथे त्यांची घाण साचत होती तिथे बुरशी धरत होती. बाहेरून झाड निरोगी दिसत होतं. ज्या माणसाने तीस वर्षं आतले दोष बाहेरून ओळखायचं काम केलं, त्याला ते दिसलं नव्हतं. त्या संध्याकाळी त्याने एक अख्खं झाड मुळासकट उपटून पिशवीत भरलं. बुरशीचा एक कणही यामिनीच्या पोटात जाऊन चालणार नव्हतं.

उरलेल्या तीन झाडांतल्या अळ्या तो चिमट्याने काढायला बसला. पण अळी काढायची तर तुरा उकलावा लागतो, आणि उकललेल्या तुऱ्यात पाणी शिरून तो कुजतो. न काढावी तर आतून कुजतो. त्यात पाऊस थांबायचं नाव नव्हतं. तो छत्री धरून झाडाशेजारी उभा राहिला. छत्री झाडावर होती, तो भिजत होता. खिडकीतून यामिनीने ते बघितलं आणि पडदा ओढून घेतला, कारण तिला ते बघवेना.

दीपाने त्याला शेडमध्ये गाठलं. “बाबा, एक पावडर आहे. बॅक्टेरिया आहे, मातीतच असतो. केमिकल नाही, माणसाला काही होत नाही, ऑरगॅनिकवाले पण वापरतात. पाण्यात मिसळून स्प्रे करायचं.”

“आणि अळीचं काय होतं?”

तिने मोबाइल बघून वाचलं. “पान खाल्लं की तिच्या पोटात बिघाड होतो. तिची खायची इच्छा जाते. मग एक-दोन दिवसांत...” ती थांबली. वाचताना तिला कळलं नव्हतं, वाचून झाल्यावर कळलं.

शेडच्या पत्र्यावर पाऊस वाजत होता. विवेकने कुदळ उगाचच या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात ठेवली.

“आईला सांगायचं नाही,” दीपा म्हणाली.

“ती विचारेल.”

“मग खोटं बोल. एकदा. इट्स नॉट अ बिग डील, बाबा. आई खात नाहीये. तू तिचे हात बघितलेस का?”

“रोज बघतो,” विवेक म्हणाला. “मागव.”

पुढच्या हॉस्पिटलच्या दिवशी तो पहिल्यांदाच गेला नाही. मीटिंग आहे म्हणाला. दीपा आईला घेऊन गेली. विवेकने फवारा भरला, मास्क लावला, जो आता प्रत्येकाच्या खिशात असायचाच, आणि एकेक तुरा, एकेक पान, वरून आणि खालून, भिजवलं. चुकून एकही सुटू नये म्हणून त्याने दुसरी फेरी मारली. मग सवयीने तिसरी. इतक्या काळजीने त्याने आयुष्यात काहीच केलं नव्हतं.

दोन दिवसांनी अळ्या मेल्या. काही काळ्या पडून पानांच्या कडांना लटकल्या होत्या, काही मातीत पडल्या होत्या. त्याने त्या कालव्यावर नेल्या नाहीत. ओल्या कचऱ्याच्या हिरव्या डब्यात टाकल्या, वर बटाट्याच्या साली टाकल्या, आणि झाकण बंद झालं का ते बघितलं. पाऊसही त्याच आठवड्यात थांबला. तीन झाडं वाचली. सप्टेंबर सरताना त्याने ती कापली आणि शेडमध्ये उलटी टांगून वाळवली. कुठे बुरशी नाही ना, हे भिंग घेऊन तपासलं. काही नव्हतं. पाला स्वच्छ होता, हिरवा, कुरकुरीत. टेओने दिला होता त्याहून चांगला.

यामिनी रोज विचारायची, “झालं का?” लहान मूल खाऊचं विचारतं तसं. आणि तो म्हणायचा, “ओला आहे अजून.” पाला वाळून चार दिवस झाले होते.

चौदा ऑक्टोबर आला. दरवर्षी धम्मचक्र प्रवर्तन दिनाला आल्मेरेच्या एका हॉलमध्ये सगळे जमत, पोरं दंगा करत, कुणीतरी पुरणपोळ्या आणायचं. या वर्षी ते झूमवर होतं. पडद्यावर चौकटी उघडत गेल्या. हूफडॉर्पचे सुयश आणि ललिता, आल्मेरेचे नरेंद्रकाका, कुणाची नुसती छताकडे वळलेली चौकट. नरेंद्रकाकांनी “जय भीम, आवाज येतो का?” असं विचारत सुरुवात केली, आणि शिवाजीभाऊंना म्यूट कसं काढायचं हे सांगण्यात पहिला काही वेळ गेला. यामिनी पांढरी साडी नेसली होती. ब्लाउज टाचण्या लावून बसवलेला. खुर्चीत उशा रचून ती ताठ बसली होती, आणि कॅमेऱ्यात दिसावं म्हणून विवेकने खुर्ची तिच्या जवळ घेतली होती.

पंचशील सुरू झालं. यामिनीचा आवाज बारीक पण स्वच्छ होता, ती प्रत्येक शब्दाला पूर्ण जागा देत होती. पहिल्या शीलाला विवेकचे ओठ हलले. दुसऱ्या, तिसऱ्या शीलाला आवाज आला. चौथं शील असत्य न बोलण्याचं. ते त्याने म्हटलं, अगदी स्पष्ट म्हटलं, कारण पहिलं त्याला म्हणता आलं नव्हतं आणि आता एक तरी उरलं पाहिजे, असं त्याला वाटलं असावं. पाचवं झालं. साधु, साधु, साधु असे आवाज पुढे-मागे, तुटत-जुळत आले. यामिनी सगळ्यांना हात जोडून म्हणाली, “दमले आता, निघते,” आणि लॅपटॉप मिटला.

तेवढ्यात दीपा स्वयंपाकघरातून पेला घेऊन आली. सकाळी तिनेच तूप कढवलं होतं, बापाची वाट न बघता. कोमट दूध, त्यावर तुपाचे हिरवे थेंब तरंगत होते. सगळ्या खोलीत वास भरला. यामिनीने पेला दोन्ही हातांत घेतला. तोंडाजवळ नेला, वास घेतला आणि तिचे डोळे भरून आले. भूक लागण्याची आठवणसुद्धा माणसाला रडवू शकते.

“टेओसारखाच वास आहे,” ती म्हणाली.

“पी ना, आई. थंड होईल.”

“पिते.” तिने पेला थोडा खाली घेतला. “विवेक, एक सांग. झाडं जगवलीस, मला माहीत आहे काय काय केलंस ते. त्या अळ्या लागल्या होत्या ना, पाऊस होता तेव्हा. मी खिडकीतून बघत होते. एकही मारली नाहीस ना?”

“नाही, आई,” दीपा म्हणाली. “बाबा सगळ्या चिमट्याने—”

“तुला नाही विचारलं, बाळा.”

ती रागावलेली नव्हती. तिच्या चेहऱ्यावर संशयही नव्हता. तिला फक्त ‘नाही’ एवढं ऐकायचं होतं, म्हणजे ती दूध पिणार होती. दीपा बापाकडे बघत होती, डोळ्यांनी त्याला ढकलत होती. दोन अक्षरं होती. विवेकने तोंड उघडलं. मघाशी मोठ्याने म्हटलेलं ते शील अजून खोलीतच कुठेतरी होतं, लॅपटॉप मिटला तरी. त्याने यामिनीच्या मनगटाकडे बघितलं, पेल्याकडे बघितलं.

यामिनी वाट बघत राहिली. मग तिच्या चेहऱ्यावर काहीतरी हळूच मिटलं. तिने पेला टेबलावर ठेवला. जपून, एक थेंबही सांडू न देता. त्यावर बशी झाकली.

“आई, प्लीज,” दीपा म्हणाली. “प्लीज.”

यामिनीने विवेकच्या गुडघ्यावर हात ठेवला. ती त्याला समजावत होती की थोपटत होती ते त्याला कळलं नाही. हाताला वजन नव्हतं. तो हात दोन्ही हातांनी उचलून त्याने तिच्या मांडीवर ठेवला आणि उठला. मागचं दार उघडलं. बाहेर तीन खुंट उभे होते आणि माती ओली होती. दीपाने हाक मारली, “बाबा.” त्याने दार मागे लावून घेतलं नाही. चपला न घालताच तो बाहेर निघून गेला.